खळ घातलेली गाडी

९ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्काराचं नंतर बघू, आधी कामाचं. फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला बातमी देणं. पस्तीस वर्षं रंगाच्या गनचा तो कॉम्प्रेसर कानाशी धडधडत ठेवलात, आता कान कुठून आणणार? म्हणून हे पत्र. चष्मा लावून वाचा आणि उत्तर लिहा. "बघतो" म्हणून खिशात घालून ठेवू नका. तुमच्या भावालाही तीच खोड होती.

तर गाडी. तुम्ही तुमच्या हाताने रंगवलेली, पांढरीशुभ्र. हे गेले त्याला या महिन्यात दोन वर्षं होतील. तेव्हापासून ती पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. परवा ताडपत्री काढली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चकाकी म्हणून औषधाला नाही. बोट फिरवलं तर बोटाला पांढरी भुकटी लागते, आणि ताडपत्री फाटली होती तिथे पिवळट डाग. ह्यांनी पाहिली असती तर दोन दिवस घरात कोणाशी बोलले नसते.

आमचे चिरंजीव १० एप्रिलला आठ दिवसांसाठी येतायत. गाडी न्यायला ११ तारखेचा भंगारवाला त्याने तिथे बसूनच ठरवलाय. मला विचारलं नाही, नुसतं कळवलं. "आई, ते धूड कशाला सांभाळतेस, पोर्च मोकळा होईल." मोकळा पोर्च घेऊन मी काय करू, त्यात फुगडी घालू? पण फोनवर मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

कारण, भाऊजी, मी गाडी शिकतेय. हसा, हसून घ्या. बासष्टाव्या वर्षी. रोज सकाळी सात ते आठ, मग आपली लाँड्री उघडते. शिकवणारी बाई मला मुलगी शोभेल अशा वयाची आहे, पण काय तो दरारा! मी तिला मास्तरीणबाई म्हणते. चिरंजीवाला यातलं काही माहीत नाही. त्याला सांगितलं तर तो काळजी करेल, आणि त्याने काळजी करायला सुरुवात केली की माझं काहीच होत नाही.

तीस वर्षं मी त्या गाडीत ह्यांच्या शेजारी बसले, मांडीवर गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे गठ्ठे घेऊन. "तू चालवतेस का" असं कोणी विचारलं नाही, आणि मीही "मला द्या" म्हटलं नाही. आता म्हणावंसं वाटतंय. मला ती गाडी चालवायची आहे, दुसरी कुठली नाही. बॅटरी नवी बसवली, टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, इंजिन खोकत खोकत सुरू झालं. पण तिचं हे रूप चिरंजीवाने पाहिलं तर तो एक शब्द ऐकून घ्यायचा नाही.

इथला गॅरेजवाला म्हणतो, सगळा रंग काढून नवा मारावा लागेल, महिना जाईल. मला ते पटत नाही. तो तुमचा रंग आहे. तुम्ही दोन दिवस येऊन जा ना. हे गेले तेव्हा आलात, तिसऱ्या दिवशी पिशवी उचलून गेलात, त्यानंतर तुमचं पाऊल इकडे पडलं नाही. आणि येणं जमतच नसेल तर कसं करायचं ते तरी लिहा.

तुमची वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

वाकून नमस्कार करायचा तर उठवायला दोन माणसं लागतील, तेव्हा उभ्यानेच.

हसलो नाही. खोटं कशाला बोलू, थोडा हसलो. दादाला गिअर बदलताना "हळू, हळू" असं तुम्हीच ओरडायचात. आता तुमच्यावर कोण ओरडतं ते ऐकायला मला कान हवे होते.

येणं मात्र जमणार नाही. गॅरेजमध्ये गाड्यांची रांग लागलीय, मालक रजेचं नावच काढू देत नाही. माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही, काय करणार.

रंग अजिबात काढू नका. त्या गॅरेजवाल्याला रंगातलं काय कळतंय! मी दिलेले हात तिच्यावर अजून आहेत, फक्त वरचा पापुद्रा मेलाय. गाडी स्वच्छ धुवा. मग डब्यातलं रबिंग पॉलिश मिळतं ते घेऊन चोळा. आणि सगळ्यात शेवटी कॉर्नफ्लोअर लावा. हो हो, तुमच्या स्वयंपाकघरातलंच, सूप दाट करायचं. आमच्या उस्तादांनी मला शिकवलं आणि मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ते लावा, मग बघा आरशासारखी होते की नाही.

पत्राचं बरं केलंत. टपाल आलं की बरं वाटतं.

तुमचा दीर


२३ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमच्या उस्तादांना माझा दंडवत सांगा आणि तुम्ही स्वतः कान धरून उभे राहा.

पॉलिशचा डबा दुकानात शिल्लक नव्हता, बुधवारी येईल म्हणाला. म्हटलं, तोवर आपल्याला येतं ते तरी उरकून घ्यावं. कॉर्नफ्लोअर म्हणजे खळ! त्यात मला कोण शिकवणार? इतकी वर्षं डॉक्टरांचे कोट आणि हॉटेलांचे टेबलक्लॉथ कडक करून देतेय. रविवारी लाँड्री बंद. दोन मोठी पातेली भरून खळ शिजवली. एक गुठळी नाही, अशी सुरेख. पांढऱ्या कापडाला घालते तशी चिमूटभर नीळ घातली. नवा ब्रश घेतला आणि बॉनेटपासून डिकीपर्यंत सगळ्या गाडीला खळ घालून उन्हात वाळवली. इस्त्री तेवढी केली नाही. खरं सांगते, मनात आलं होतं.

दुपारपर्यंत ती अशी कडक झाली म्हणता! मग तडकायला लागली. पापड मोडावा तसे तुकडे उडायला लागले. जिथे खळ जाड बसली होती तिथे निळे डाग, एका दारावर तर नकाशाच उमटलाय. चार वाजता मुंग्या आल्या, रांग लावून, चाकावरून वर. पाच वाजता शेजाऱ्यांचा कुत्रा आला आणि मागचं दार चाटायला लागला. हाकलला तर पुन्हा येतो. त्याला आवडलंय.

आज सकाळी मास्तरीणबाई मला घ्यायला आल्या. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, मग पायरीवर बसल्या आणि पोट धरून हसल्या. "मावशी, गाडी कडक झाली हो!" शिकवणी अर्धा तास उशिरा सुरू झाली आणि मी क्लच सोडला की त्या पुन्हा हसायच्या. मी तीनदा गाडी बंद पाडली.

आता सांगा, यात माझं काय चुकलं? "लावा" असं तुम्हीच लिहिलंत. कसं लावा, कोरडं की ओलं, कच्चं की शिजवून, काही नाही. स्वतःला येतं ते जगाला येतं असं समजायची ही तुम्हा दोघा भावांची रीत. मी वैतागलेय, भाऊजी. पहिल्यापेक्षा वाईट करून ठेवली मी ती. रडू आलं मला, आता लिहितानाही येतंय. १० एप्रिलला दीड महिना उरलाय.

लवकर लिहा.

वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

रडू नका. आधी हे वाचा: गाडीला काही झालेलं नाही. खळ ती, पाण्याने जाईल.

आणि आता माफी मागतो, कारण मी हसलो. इतका हसलो की खोकला आला, आणि शेजारच्या खोलीतला माणूस काय झालं म्हणून दार ढकलून आत आला. त्यालाही वाचून दाखवलं. "इस्त्री तेवढी केली नाही" इथे तोही हसून लोळला. वहिनी, असं मी कधी हसलो होतो ते आठवत नाही. गाडीला नीळ घालणारी बाई साऱ्या पृथ्वीवर एकच, आणि ती आमच्या घरातली.

चूक मात्र माझीच. नीट लिहितो, एकेक करून.

जुन्या चादरी कोमट पाण्यात भिजवून गाडीवर पसरा. तासभर राहू द्या. खळ मऊ पडेल, मग पाइपने पाणी मारा. नखाने खरवडायचं नाही. मुंग्या पाण्याबरोबर जातील, कुत्र्याचं तुम्ही बघा.

पॉलिश उन्हात करायचं नाही. सावली हवी आणि पत्रा गार हवा. एका वेळी उशीच्या अभ्र्याएवढाच भाग घ्या. ओल्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन चोळा, पुढून मागे, सरळ. गोल गोल नको, गोल चोळलं की उन्हात जाळी दिसते. फडकं पांढरं होईल, घाबरू नका, तो मेलेला रंग निघतोय. निळे डागही त्याच्याबरोबर निघतील. एक भाग झाला की पुसा, मग पुढचा. रोज एक पत्रा केलात तरी महिन्यात होईल.

पॉलिश झालं की गाडी चमकते, पण तिच्यावर तेलकट थर राहतो. त्याला बोटांचे ठसे लागतात, धूळ चिकटते. तिथे पीठ कामाला येतं. कोरडं! पाण्याचा थेंब नाही, चूल नाही, नीळ नाही. मऊ कोरड्या फडक्यावर चिमूटभर घ्यायचं आणि हलक्या हाताने फिरवायचं. ते सगळं तेल पिऊन घेतं. मग स्वच्छ फडक्याने झटकून टाका.

फडकी हवीत अगदी मऊ, नाहीतर ओरखडे येतील. म्हणून माझी रोजच्या कामाची सहा फडकी पार्सलने पाठवतोय. गॅरेजमधली पोरं बोंब मारतील, मारू देत.

गाडी बंद पडली तर पडू द्या. दादाने शिकताना आमच्या बाबांच्या स्कूटरसकट कुंपण पाडलं होतं. त्याने तुम्हाला कधी सांगितलं नसेल.

तुमचा दीर


९ मार्च

भाऊजी,

कुंपणाचं सांगितलं नव्हतं. वाऱ्याने पडलं म्हणाले होते. बघा, माणूस जाऊन दोन वर्षं झाली आणि आत्ता खोटं पकडलं गेलं.

खळ गेली. बॉनेट पूर्ण झालं, पुढचं एक दारही. तुम्ही सांगितलं तसं सरळ चोळलं, आणि शेवटी कोरडं पीठ. त्या पिठाने काय जादू केली हो! हाताला एकदम कळतं, फडकं अडखळायचं थांबतं आणि सरकायला लागतं. मग मी वाकून बघितलं तर बॉनेटमध्ये माझा चेहरा. किती सुकलेय मी! तिथेच उभी राहून केस नीट केले. मास्तरीणबाईंनी हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "मावशी, आमच्या ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीलाही करून द्या." खळ घालून देते म्हटलं.

शिकवणीही बरी चाललीय. पुढे जाणं जमतं. मागे येताना मान वळते पण गाडी मला हवी तिकडे वळत नाही. टेस्ट २७ तारखेला आहे.

आता दुसरं. लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. पण आपलं नातं असं आहे की मी तुम्हाला बोलले नाही तर कोण बोलणार?

फडकी मिळाली. मी ती वापरायच्या आधी हातात धरून पाहिली. सवयच आहे, कापड हातात आलं की त्याचं सगळं कळतं मला. कोणाच्या घरी कोण आजारी आहे ते मला चादरींवरून कळतं, भाऊजी. तुमच्या फडक्यांच्या घडीवर पिवळ्या रेषा आहेत. कापड वर्षभर एका घडीत पडून राहिल्याशिवाय तशी रेष पडत नाही. डांबरगोळ्यांचा वास मारतोय. विणीत पॉलिशचा कण नाही. ही रोजच्या कामाची फडकी नाहीत. ती कोणीतरी शेवटची धुऊन, नीट घडी घालून, पेटीत ठेवून दिलेली आहेत.

आणि तुमच्या अक्षराच्या ओळी उतरणीला लागल्यात. पूर्वी तुम्ही मोटारीवर नंबर रंगवायचात, पट्टी न लावता.

तुम्ही कामावर जात नाही. कधीपासून? आणि मला का नाही सांगितलं?

वहिनी


३० मार्च

भाऊजी,

तीन आठवडे झाले. रोज टपालवाल्याची वाट बघते. तो आता लांबूनच मान हलवतो.

मी फार टोचून लिहिलं का? माझी जीभ तशीच आहे, तुम्हाला नवी नाही. रागावला असाल तर तसं लिहा, मी गपगुमान ऐकून घेईन. आजारी असाल तर शेजारच्या माणसाकडून दोन ओळी लिहवून घ्या. पण गप्प बसू नका. या घरातली गप्प माणसं सांभाळून माझी हौस फिटलीय.

गाडी टपाखेरीज सगळी झाली. टेस्टमध्ये नापास झाले. गाडी मागे घेताना दोन खांब पाडले, एक इकडचा, एक तिकडचा. आरटीओचा साहेब म्हणाला, "बाई, घाई नाही, पुन्हा या." घाई नाही म्हणे! पुढची टेस्ट ८ एप्रिलला, चिरंजीव येतो १० ला. ८ ला पास झाले नाही तर ११ ला भंगारवाला गाडी ओढून नेईल आणि मी खिडकीतून बघत बसेन. मला फार भीती वाटतेय. आणि हे सांगायला तुमच्याशिवाय कोणी नाही, म्हणून लिहिलं.

वहिनी


३ एप्रिल

वहिनी,

रागावलो नाही. लाज वाटली. चार वेळा कागद घेतला आणि ठेवून दिला.

अठरा महिने झाले. माझा उजवा हात थरथरतो. आधी थोडा थरथरायचा, मी गन दोन हातांनी धरायचो, कोणाला कळायचं नाही. मग एका गाडीच्या दारावर रंग ओघळला. पस्तीस वर्षांत माझ्या हातून ओघळ आला नव्हता. मी घासून पुन्हा मारला, पुन्हा ओघळला. मालक चांगला माणूस आहे. "काका, थोडे दिवस आराम करा" म्हणाला. तो आराम अजून चालू आहे. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही, हात असाच राहील. फडकी मी त्याच आठवड्यात धुऊन पेटीत ठेवली. बरोबर ओळखलंत.

तिसऱ्या मजल्यावरची खोली आहे. खालच्या दुकानातलं माणूस सामान वर आणून देतं, पत्रं-पार्सलही तेच टपालात टाकतं. मी खाली उतरत नाही. रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं की विचारतं, "काय उस्ताद, सध्या कुठली गाडी?" मला ते नको असतं.

तुमचं पहिलं पत्र आलं आणि वाटलं, चला, अजून कोणाच्या तरी लेखी आपण रंगवालेच आहोत. म्हणून खोटं लिहिलं. गाड्यांची रांग, मालक रजा देत नाही, पोरं बोंब मारतील. लिहिताना बरं वाटत होतं, सगळं खरं असल्यासारखं. मला माफ करा.

आणि मी तिकडे का येत नाही तेही सांगून टाकतो. दादा जायच्या आधी वर्षभर मला सांगायचा, "टपाचा रंग चाललाय रे, येऊन एक हात मार." मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात. आठ वेळा म्हणालो असेन. कामात होतो, वेळ होता, येता आलं असतं. त्या तीन दिवसांत पोर्चमधून आत-बाहेर करताना तो टप दिसायचा. पुन्हा ते बघायची हिंमत झाली नाही. दादाने माझ्याकडे आयुष्यात एवढी एकच गोष्ट मागितली होती, वहिनी.

आता तुमचं. मागे घेताना दोन्ही आरशांत बघू नका, एकच धरा. आधी गाडी पूर्ण थांबवा, मग चाक वळवा, मग सोडा. चालत्या गाडीत चाक फिरवता म्हणून खांब पडतात. तीस वर्षं शेजारी बसून तुम्ही दादाचं तेच पाहिलंत, त्याचंही तेच चुकायचं.

पास व्हाल. मला वाटतं तुम्ही पास व्हाल.

दीर


१३ एप्रिल

भाऊजी,

पास! आधी थांबवली, मग वळवली, मग सोडली. एकही खांब हलला नाही. साहेबाने सही केली तेव्हा मी त्याचा हात धरून इतका हलवला की तो घाबरला. मास्तरीणबाई बाहेर उभ्या होत्या, त्या रडल्या. हसतात तशाच रडतात, पायरीवर बसून.

आता ऐका पुढची गंमत. १० तारखेला मी स्टेशनवर गेले चिरंजीवाला आणायला. गाडी घेऊन. एकटी. तो बॅगा ओढत बाहेर आला, मी समोर उभी केली आणि हॉर्न दिला. तर आतमध्ये न बघताच हात हलवून म्हणतो, "नको, टॅक्सी नको." पोटच्या आईला! मी काच खाली केली आणि म्हटलं, "बस मुकाट्याने." तो बसला. तोही मागच्या सीटवर, बॅग मांडीवर घेऊन. तीन सिग्नल गेले. मग म्हणाला, "आई, ही बाबांची गाडी?"

मी म्हटलं, "नाही, माझी."

मग घरापर्यंत आरशात दिसत होतं मला, तो डोळे पुसत होता. मी बघितलं नाही असं दाखवलं. शिवाय मला समोर बघायचं होतं.

शनिवारी भंगारवाला आलाच, ठरल्याप्रमाणे. गाडीभोवती फिरला, हात लावून पाहिला आणि विचारतो, "साहेब, भंगार कुठाय?" चिरंजीव इकडे बघतो, तिकडे बघतो. माणूस रिकाम्या हाताने कसा पाठवायचा? शेवटी लाँड्रीतलं ते जुनं, उड्या मारणारं मशीन त्याच्या गळ्यात मारलं. त्यामुळे जागाही झाली. पोर्च नाही, पण लाँड्री मोकळी झाली.

आता तुम्ही. भाऊजी, मला तुमचा राग आलाय, तो आधी सांगते. हात थरथरतो म्हणून नाही. अठरा महिने एकटे बसलात म्हणून. आम्ही मेलो होतो का?

टपाचं ह्यांनी मनावर घेतलं नव्हतं. मला म्हणायचे, "तो येईल तेव्हा येईल, त्याच्या हाताला काम आहे याचाच मला आनंद आहे." हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच म्हणायचे. तुम्ही ऐकलं नसेल, कारण ते मला म्हणायचे.

टप मी केलेला नाही. मधोमध माझा हात पोचत नाही. चिरंजीव म्हणाला मी करतो, त्याला हात लावू दिला नाही. तो तुमचा आहे. रंगाची गन धरायला हात स्थिर लागतो, कबूल. पण फडक्याला कुठे लागतो? मी महिनाभर तेच केलंय, मला कळतं. फडकं हलतं ठेवायचं असतं, भाऊजी, आणि तुमचा हात तर आपणहून हलतो. थरथरू दे की! मास्तरीणबाईंच्या शाळेच्या सहा गाड्या आहेत, सगळ्या भुकटी झालेल्या. त्या माझ्या मागे लागल्यात. मी त्यांना सांगितलंय, आमच्या घरात उस्ताद आहे, मी नुसती त्याची शिकाऊ.

रविवारी, २६ तारखेला, मी तुम्हाला न्यायला येतेय. दीडशे किलोमीटर आहे. चिरंजीव गेलेला असेल, तेव्हा ओरडायला शेजारी कोणी नाही. अकरापर्यंत पोचेन. हॉर्न देऊन उपयोग नाही हे मला माहीत आहे, म्हणून तुम्ही खाली उतरून उभे राहा. मी तीन मजले चढणार नाही, माझे गुडघे गिअर बदलण्यात कामी आलेत.

मागची खोली झाडून ठेवलीय. नाही म्हणू नका.

वहिनी


१८ एप्रिल

वहिनी,

नाही म्हणत नाही.

तुमचं पत्र वाचलं आणि दादा तुम्हाला म्हणायचा ते वाक्य पुन्हा वाचलं. मग पुन्हा. शेजारच्या माणसाला नाही वाचून दाखवलं, ते मी माझ्याजवळच ठेवलं.

काल खाली उतरलो. म्हटलं, रविवारी उतरायचं तर जिने आधी बघून ठेवावेत. एकोणपन्नास पायऱ्या आहेत, मला वाटत होतं पन्नासच्या वर असतील. दाराशी दुकानदार भेटला. झालं, त्याने विचारलंच, "काय उस्ताद, सध्या कुठली गाडी?" मी म्हटलं, भावाची. मग म्हटलं, नाही, वहिनीची. पांढरी. टप राहिलाय. तो म्हणाला, हां, टपाचं काम अवघड. मी म्हटलं, अवघड काही नाही, हात लागतो. आणि मग बराच वेळ तिथेच बोलत उभा राहिलो. पाय दुखले.

पिशवी भरली. फार काही नाही. इथून कॉर्नफ्लोअर घेऊन येतोय, तुमच्याकडचं तुम्ही शिजवून टाकाल.

रस्त्यात ट्रकच्या मागे राहा, ओलांडायला जाऊ नका. मी नऊपासून खाली उभा राहीन.

आणि एक करा. दीडशे किलोमीटर येणार, गाडी धुळीने भरेल. माझ्यासमोर चकाचक आणावी असं तुमच्या मनात येईल, मी ओळखतो तुम्हाला. कोपऱ्यावर थांबून फडकं मारू नका. तशीच आणा. ती मी पुसेन.

तुमचा दीर